गोवराचे ‘निश्चित रुग्ण’ नेमके मोजतात कसे?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिचं बाळ आत्ता नऊ महिन्यांचं आहे आणि तिकडे गोवराची पहिली लस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात. २०२५ पासून तिकडे गोवराने पुन्हा डोकं वर काढलंय, त्यामुळे ती आकड्यांवर डोळा ठेवून असते आणि काही खटकलं की मला पाठवते. आता मीही त्यात गुंतलेय.

अडचण अशी की आकडे जुळतच नाहीत. राज्याच्या आरोग्य खात्याचा एक, सीडीसीचा (तिथल्या केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा) दुसरा आणि बातमीतला तिसराच. मागच्या महिन्यातल्या एखाद्या आठवड्याचा आकडा आज पाहिला तर वाढलेला असतो. एका काउंटीने (तिकडचा जिल्हाच म्हणा) तर एक रुग्ण चक्क कमी केला. झालेला गोवर परत कसा जाईल?

निश्चित रुग्ण म्हणजे नेमका कोण आणि ते ठरवतं कोण? डॉक्टर, लॅब की सरकार? आणि जे कधी मोजलेच जात नाहीत त्यांचं काय? या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. लस घ्यावी की नाही हा वाद इथे नको, मला मोजणी समजून घ्यायची आहे.

कोराकागद

चांगला धागा. माझं मत सरळ आहे: जाहीर होणारा आकडा नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असतो आणि ते खात्यांच्या सोयीचंही असतं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पाऊलखुणा

वाचतेय.

डॉ_माळरान

साथरोग विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोजणीची सुरुवात ‘संशयित’पासून होते. ताप आणि अंगभर लालसर पुरळ, पण कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड नाहीत, असा कुणीही. किंवा तपासणाऱ्या डॉक्टरला गोवराची शंका आली असा कुणीही. जागतिक आरोग्य संघटनेने ही व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. तिच्यात रुबेला येतो, डेंग्यू येतो, पार्वोव्हायरस येतो, एखाद्या औषधाची रिॲक्शनही येते. ते सगळे यायलाच हवेत, नाहीतर खरा गोवर हातून निसटतो.

मग तपास होतो आणि प्रत्येक संशयित कुठल्यातरी एका गटात जातो. पहिला गट लॅबमध्ये सिद्ध झालेल्यांचा. दुसरा, ज्याचा नमुना नाही पण लॅबमध्ये सिद्ध झालेल्या रुग्णाशी थेट संपर्क आलाय आणि तारखाही जुळतात, अशांचा. तिसरा, नमुनाही नाही, संपर्कही सापडत नाही, पण लक्षणं हुबेहूब गोवराची आणि दुसरं काही निदानही समोर नाही, अशांचा. आणि चौथा, तपासाअंती ‘हा गोवर नव्हे’ असं ठरून वगळलेल्यांचा.

अमेरिकेत पहिले दोन गट मिळून ‘निश्चित’. तिसऱ्याला तिथे ‘संभाव्य’ म्हणतात आणि सीडीसीच्या राष्ट्रीय गोवर-आकड्यात तो धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या देशवार आकड्यांत मात्र तिन्ही गट येतात. बातमीदाराने कुठला आकडा उचलला यावर तुमचा ‘तिसराच आकडा’ अवलंबून असतो. कधी त्यात संभाव्यही मिसळलेले असतात.

ठरवतं कोण? तपासणारा डॉक्टर फक्त कळवतो. कायद्याने त्याला कळवावंच लागतं. निर्णय स्थानिक किंवा राज्याचं आरोग्य खातं घेतं, सगळे कागद हातात आल्यावर. सीडीसी स्वतः रुग्ण मोजत नाही, राज्यांनी कळवलेले जमा करते. व्याख्या राज्यांच्या साथरोगतज्ज्ञांच्या परिषदेने ठरवलेली आहे, सध्याची २०१३ ची. २०२५ मध्ये सीडीसीची आकडेवारी दर बुधवारी यायची आणि टेक्सासचं खातं मंगळवारी-शुक्रवारी आपली द्यायचं. शुक्रवारी दोन्ही पानं शेजारी उघडलीत तर फरक दिसणारच.

प्रश्नचिन्ह

डॉक्टर, म्हणजे अंगभर पुरळ आहे, ताप आहे, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे आहेत, अनुभवी डॉक्टर बघून गोवर म्हणतोय, तरी तो निश्चित नाही? हे पटायला जड जातंय.

डॉ_माळरान

@प्रश्नचिन्ह, साथ ऐन भरात असेल तर अनुभवी डॉक्टरचं निदान बहुतेक वेळा बरोबरच ठरतं. पण जिथे गोवर दुर्मीळ झालाय तिथे दोन गोष्टी बदलतात. एक, ताप-पुरळाचे बहुतेक रुग्ण दुसऱ्याच कशाचे असतात. दोन, तिथल्या कित्येक तरुण डॉक्टरांनी गोवर पुस्तकाबाहेर पाहिलेलाच नसतो. गालाच्या आतल्या बाजूला दिसणारे पांढरट ठिपके, ज्यांना कॉप्लिक स्पॉट म्हणतात, ही मोठी खूण. पण ते पुरळाच्या आधी येतात आणि पुरळ उठल्यावर दोनेक दिवसांत जातात. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत खूण पुसली गेलेली असते.

परीक्षानळी

मी लॅबच्या बाजूने लिहिते. गोवराचे नमुने हाताळले आहेत.

दोन प्रकारच्या तपासण्या असतात. रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं (ताज्या संसर्गानंतर शरीर आधी बनवतं ती) आणि घशाच्या किंवा नाकामागच्या स्वॅबवरची पीसीआर, म्हणजे थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. बरोबर लघवीही घेतली तर विषाणू सापडण्याची शक्यता वाढते. दोन्हींची घड्याळं वेगळी चालतात. पुरळ आल्यावर पहिल्या तीन दिवसांत रक्त घेतलं तर खऱ्या रुग्णांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात आयजीएम निगेटिव्ह येऊ शकतं, कारण शरीराने ती अजून पुरेशी तयारच केलेली नसतात. पीसीआरचं उलटं: पहिले तीन दिवस सगळ्यात चांगले, दहाव्या दिवसापर्यंत उपयोग आहे, पुढे विषाणू सापडेनासा होतो.

म्हणून नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर पुरळाची तारीख लागते. गुलाबी द्रवातला स्वॅब बर्फावर व्यवस्थित येतो, लेबल नीट, नाव नीट, आणि पुरळाच्या तारखेचा रकाना कोरा. मग तपासणी निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ काय लावायचा? दुसऱ्या दिवशीचं निगेटिव्ह म्हणजे ‘पुन्हा नमुना पाठवा’, आठव्या दिवशीचं निगेटिव्ह आयजीएम म्हणजे ‘बहुधा गोवर नाही’. निकाल तोच आणि अर्थ अगदी वेगळा. तो कोरा रकाना दिसला की मी फोन उचलायचे, आणि पलीकडे ज्यांनी फॉर्म भरला त्यांची ड्यूटी संपलेली असायची. एकदा एका मोठ्या रुग्णालयाने तर नमुना न घेताच मुलाला घरी सोडलं होतं आणि आम्हाला कळवलं बाराव्या दिवशी. तो मुलगा संभाव्यमध्येच राहिला. त्याची साखळी कुठून आली आणि कुठे गेली हे शेवटपर्यंत कळलं नाही. याचा राग आजही येतो.

सांजवारा, मागच्या महिन्याचा आकडा आज का वाढतो, त्याचं उत्तरही यातच आहे. आलेख बहुतेक ठिकाणी पुरळाच्या तारखेने काढतात. आज सिद्ध झालेला रुग्ण तीन आठवड्यांपूर्वीच्या रकान्यात जाऊन बसतो. त्यामुळे अशा आलेखाचा उजवीकडचा शेवट नेहमी उतरलेला दिसतो. साथ ओसरली असं त्यावरून कधीच समजू नका.

सांजवारा

परीक्षानळीताई, हे शेवटचं फारच मोलाचं सांगितलंत. बहिणीने परवाच तो आलेख पाठवून ‘कमी होतंय बघ’ असं लिहिलं होतं. लगेच कळवते.

आकडेमोड

कुठल्याही तपासणीत थोडे खोटे पॉझिटिव्ह असतात. समजा १,००० संशयितांची आयजीएम तपासणी केली आणि त्यात खरा गोवर फक्त २ जणांना आहे. तपासणी १०० पैकी २ वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते असं धरा. म्हणजे सुमारे २० खोटे आणि २ खरे, एकूण २२ पॉझिटिव्ह. त्या २२ मधला एखादा उचलला तर तो खरा असण्याची शक्यता दहातही एक नाही. तीच तपासणी साथीत वापरा, जिथे १,००० पैकी ५०० जणांना गोवर आहे, तर जवळपास प्रत्येक पॉझिटिव्ह खरा असेल.

म्हणून जिथे गोवर जवळपास नाही, तिथे प्रवास नाही, संपर्क नाही आणि नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह, अशा रुग्णाकडे खातं संशयाने बघतं आणि पीसीआर मागतं. कमी झालेला एक रुग्ण असा असू शकतो.

परीक्षानळी

+१ आकडेमोड. पार्वोव्हायरसच्या रुग्णांत गोवराचं आयजीएम चुकून पॉझिटिव्ह येतं, हे नेहमीचं आहे.

आणखी एक कारण लस. गोवराच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. लस घेतलेल्यांपैकी साधारण ५ टक्क्यांना आठवड्या-दीड आठवड्याने बारीक पुरळ येतं, ताप त्याहून जास्त जणांना. साथ सुरू झाली की हजारो लोक धावत जाऊन लस घेतात, आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत पुरळवाल्यांची रांग लागते. आयजीएम त्यांचंही पॉझिटिव्ह, साधी पीसीआरही पॉझिटिव्ह. वेगळं ओळखायचं तर विषाणूचा प्रकार बघावा लागतो. लसीतले सगळे विषाणू ‘ए’ या जनुकीय प्रकारातले. सध्या जगात फिरणारे मुख्यतः ‘बी३’ आणि ‘डी८’. आता ‘ए’ प्रकार तेवढा पकडणारी झटपट पीसीआरही आहे. २०१५ साली, म्हणजे डिस्नेलँडच्या साथीच्या वर्षी, अमेरिकेत गोवराच्या विषाणूच्या ज्या १९४ जनुकीय क्रमवाऱ्या मिळाल्या, त्यांतल्या ७३ लसीच्या विषाणूच्या निघाल्या. त्या सगळ्यांना गोवर झाला असं मोजलं असतं तर साथ केवढी फुगून दिसली असती बघा. लसीचा असा त्रास झालेला माणूस दुसऱ्याला गोवर देत नाही, म्हणून साथीच्या मोजणीत त्याला जागा नाही.

भरतीओहोटी

आता फोनवरची बाजू. मी संपर्क शोधण्याच्या कामावर होतो. रुग्ण निश्चित होतो तो कागदावर, पण त्याआधी कुणीतरी त्याच्या आईशी बोलत असतं.

पहिला प्रश्न ठरलेला: पुरळ कधी आलं? एका आईने सांगितलं, सोमवारी सकाळी. अंगावर, पोटावर. गोवराचं पुरळ पोटावरून सुरू होत नाही. चेहरा, केसांची कड, कानामागे, आणि तिथून खाली उतरतं. मी विचारलं, आधी कपाळावर काही दिसलं होतं का? म्हणाली, नाही, नक्की नाही. मग मी म्हटलं, शनिवार-रविवारी मुलाचे काही फोटो काढलेत का? काढले होते. शनिवारी रात्री झोपलेल्या मुलाचा एक फोटो होता. तिने मोठा करून बघितला आणि फोनवर गप्पच झाली. कपाळावर, केसांच्या कडेला, लाल ठिपके स्पष्ट.

पुरळाचा दिवस म्हणजे शून्य दिवस. त्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रुग्ण इतरांना लागण देऊ शकतो. शून्य दिवस सोमवारचा शनिवार झाला, तर मागची हद्द गुरुवारवरून मंगळवारवर गेली. आणि मुलाला ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं होतं बुधवारी. आम्ही तो दवाखाना यादीत धरलाच नव्हता. गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे त्या मुलानंतर दोन तासांत त्या प्रतीक्षागृहात जो जो येऊन बसला, तो यादीत. त्यात एक गरोदर बाई होती आणि दोन तान्ही बाळं. लागण टाळण्यासाठी लस संपर्कानंतर ७२ तासांत द्यावी लागते, ते तर कधीच उलटून गेले होते. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, सहा दिवसांपर्यंत देता येतं. त्यांच्यासाठी तो शेवटचा दिवस होता.

जाहीर आकड्यात तो मुलगा म्हणजे १. पण त्या एकामागे किती माणसांना एकवीस दिवस रोज फोन करून ताप विचारला जातो, हे लोकांना दिसावं असं मला मनापासून वाटतं.

पाऊलखुणा

भरतीओहोटी, अंगावर काटा आला. त्या बाळांचं काय झालं?

भरतीओहोटी

तिघांनाही त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन मिळालं. लागण झाली नाही. इम्युनोग्लोब्युलिन दिलं की लक्षणं उशिरा येऊ शकतात, म्हणून त्यांच्यावर एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवतात.

कोराकागद

हे सगळं उत्तम. पण आईने दार उघडलं, फोन उचलला, म्हणून झालं. न उचलणाऱ्यांचं काय? टेक्सासच्या २०२५ च्या साथीत बरेच लोक डॉक्टरकडे गेलेच नाहीत असं खुद्द तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारच्या न्यू मेक्सिकोत एका प्रौढ माणसाला गोवर असल्याचं त्याच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत कळलं. त्याने उपचार घेतलेच नव्हते. मेल्यावर मोजला गेलेला रुग्ण! मग जे मेले नाहीत आणि घरीच बरे झाले, ते कुठल्या रकान्यात? माझा मुद्दा कायम आहे, खरा आकडा लपतो.

डॉ_माळरान

कोराकागद, तुमच्या म्हणण्यातले दोन मुद्दे वेगळे करतो. आकडा कमी असतो, हे शंभर टक्के मान्य. लस येण्याआधी, म्हणजे १९६३ पूर्वी, अमेरिकेत दरवर्षी ३० ते ४० लाख लोकांना गोवर होत असावा असा अंदाज आहे आणि कळवले जायचे सुमारे ५ लाख. १९१२ पासून गोवर देशभर कळवण्याजोगा आजार असूनही ही स्थिती. आजही जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ साठीचा अंदाज सुमारे १ कोटी १० लाख लागण आणि ९५,००० मृत्यू असा आहे. देशांनी प्रत्यक्ष कळवलेले रुग्ण त्याच्या कितीतरी खाली, काही लाखांत.

पण ही दरी खातं लपवतं म्हणून पडत नाही. निश्चित रुग्ण म्हणजे पुरावा हातात असलेला रुग्ण, आणि पुरावा गोळा करायला माणसं लागतात. जिथे माणसं कमी तिथे आकडा कमी. खात्याचा दोष काढायचा तर तिथे काढा, की कर्मचारी का कमी केले, नमुने का घेतले नाहीत. ‘लपवतात’ म्हटलं की तो खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

प्रश्नचिन्ह

टेक्सासचे आकडे मी बघितले. ७६२ निश्चित रुग्ण, २ मुलांचे मृत्यू. गोवरात हजारी एक ते तीन मृत्यू होतात असं वाचलंय. ७६२ ला दोन म्हणजे त्या मानाने जास्तच ना? म्हणजे खरे रुग्ण कितीतरी जास्त असणार, कोराकागद यांचंच बरोबर.

आकडेमोड

नाही. ७६२ ला २ म्हणजे हजारी २.६. एक ते तीनच्या आतच आहे. आणि दोन इतक्या लहान संख्येवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये, तिथे एकचा फरकसुद्धा सगळं चित्र बदलतो. रुग्ण मोजले गेल्यापेक्षा जास्त होते हे मलाही वाटतं, पण त्याचा पुरावा हा नव्हे.

त्यापेक्षा रुग्णालयात दाखल झालेल्यांचं प्रमाण बघा. ७६२ पैकी ९९, म्हणजे १३ टक्के. ज्याला दाखल करावं लागलं त्याची तपासणी होतेच, घरी बरा झालेला निसटतो. मोजणी जितकी अपुरी तितकं हे प्रमाण फुगतं. पण त्यालाही वय, कुपोषण, डॉक्टरांची सावधगिरी असे फाटे आहेत.

कोराकागद

आकडेमोड, मान्य. मृत्यूंवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. बाकी डॉक्टरांचं उत्तर पटलं, तरी ज्यांनी कर्मचारी कमी केले त्यांनाच कमी आकड्याचा फायदा होतो, हे मी म्हणतच राहणार.

दूरदेशी

इथे सगळं श्रीमंत देशांचं चाललंय. काँगोमध्ये २०१९ मध्ये ३,१०,००० हून जास्त संशयित रुग्ण आणि ६,००० हून जास्त मृत्यू झाले. बघा, जगाला कळलेला आकडाच ‘संशयित’ आहे. तिथे प्रत्येकाचा स्वॅब घेणं शक्यच नाही आणि गरजही नाही. साथ गोवराचीच आहे हे सुरुवातीच्या पाच-दहा नमुन्यांवरून पक्कं करतात, पुढचे संपर्कावरून आणि लक्षणांवरून मोजतात. लॅबची किट्स नव्या भागातल्या पहिल्या रुग्णांसाठी राखून ठेवतात.

सामोआमध्येही २०१९ मध्ये, दोनेक लाख वस्तीच्या देशात, ५,७०० हून जास्त रुग्ण आणि ८३ मृत्यू. बहुतेक लहान मुलं. अशा वेळी तिथल्या नर्सने स्वॅब घेत बसावं की मुलाला सलाइन लावावं? संभाव्य वगळून फक्त निश्चित मोजण्याची पद्धत हा माझ्या मते श्रीमंत देशांना परवडणारा नियम आहे.

डॉ_माळरान

दूरदेशी, सहमत. नियम परिस्थितीनुसार बदलतो आणि बदलायलाच हवा. रुग्ण थोडे असतील तेव्हा प्रत्येक रुग्ण सिद्ध करायचा, कारण प्रत्येक साखळी तोडायची असते. रुग्ण हजारोंनी असतील तेव्हा वेग महत्त्वाचा. चूक होते ती दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना.

वाऱ्यावरची_नोंद

अवांतर होतंय का माहीत नाही, पण सांडपाण्यातून गोवराचा विषाणू शोधतात असं वाचलं. मग त्यावरूनच रुग्ण का मोजत नाहीत? लोक दवाखान्यात जावोत न जावोत, सांडपाण्यात येणारच.

परीक्षानळी

अवांतर नाही. सांडपाण्यात विषाणूचा आरएनए सापडतो आणि कधीकधी पहिला रुग्ण कळण्याआधी सापडतो, हे खरंय. पण त्यावरून एका माणसाचा की दहा माणसांचा, तिथे राहणाऱ्याचा की एका रात्रीपुरत्या आलेल्या प्रवाशाचा, हे कळत नाही. लसीच्या विषाणूचा तर नाही ना, हेही वेगळं तपासावं लागतं. दवाखान्यांना ‘ताप-पुरळ दिसलं की गोवर आठवा’ असं सांगायला फार उपयोगी. रुग्ण म्हणून मोजायला नाही.

संयमी_वाचक

लस टोचल्यामुळेच रुग्ण वाढतात हे परीक्षानळी यांच्या प्रतिसादावरून सिद्धच झालं की.

परीक्षानळी

नाही झालं. मी लिहिलंय ते नेमकं उलट आहे: लसीचं पुरळ वेगळं ओळखतात आणि मोजणीतून वगळतात. कृपया पुन्हा वाचा. अमेरिकेतल्या २०२५ च्या निश्चित रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लस न घेतलेले किंवा लसीची नोंद माहीत नसलेले होते.

आकडेमोड

त्या वाक्यातलं ‘किंवा’ मात्र मला खटकतं. न घेतलेले आणि माहीत नसलेले यांना एका रकान्यात घालू नये. लहान मुलांची नोंद सहसा सापडते, मोठ्यांची सापडत नाही. दोन रकाने करायला काहीच हरकत नसावी.

भरतीओहोटी

माहीत नसलेला म्हणजे कधी कधी माझा फोन न उचललेला माणूस. वेगळा रकाना हवा याला माझा पूर्ण पाठिंबा.

व्यवस्थापन

विषय मोजणीचा आहे. लसीच्या बाजू-विरोधाचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

दूरदेशी

कॅनडाचा ‘गोवरमुक्त’ दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. दर्जा जाणं हे किती रुग्ण झाले यावर असतं का?

डॉ_माळरान

संख्येवर नाही, सलग साखळीवर. एकाच विषाणूचा प्रसार देशात बारा महिने किंवा जास्त अखंड चालू राहिला की दर्जा जातो. बाहेरून शंभर वेळा रुग्ण आले आणि प्रत्येक वेळी साखळी तुटली, तरी दर्जा टिकतो. कॅनडात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली साथ वर्षभरानंतरही चालूच होती आणि विषाणू तोच. कॅनडाबरोबर सगळ्या अमेरिका खंडाचाही दर्जा गेला.

म्हणून तर प्रत्येक रुग्णाचा उगम शोधायचा आटापिटा. पुरळाच्या आधीच्या ७ ते २१ दिवसांत तो देशाबाहेर होता का, नसेल तर कुणाकडून लागण झाली. विषाणूच्या जनुकाचा ४५० अक्षरांचा एक तुकडा वाचून दोन साथी जोडतात. पण हल्ली ‘डी८’ चे तेच ते तुकडे अनेक देशांत सापडतात, तेव्हा त्या तुकड्यावरून साखळी एकच की दोन वेगळ्या, हे नक्की सांगता येत नाही. मग पूर्ण जीनोम वाचावा लागतो. आणि साथ संपली हे जाहीर करायला शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस थांबतात, म्हणजे आजार उबवण्याच्या कमाल काळाच्या दुप्पट. टेक्सासने १८ ऑगस्ट २०२५ ला असंच जाहीर केलं.

उगम न सापडलेला रुग्ण हा माझ्या दृष्टीने सगळ्यात काळजीचा. कारण ज्याच्याकडून त्याला लागण झाली तो अजून मोजायचा राहिलाय.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे: बहिणीने रोज नेमकं काय बघावं? आणि बाळासाठी वर्ष पूर्ण होईपर्यंत वाटच बघायची का?

डॉ_माळरान

बाळाचं आधी. परदेश प्रवास असेल किंवा राहत्या भागात साथ असेल तर ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना तिकडे एक आगाऊ डोस देतात. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, वर्ष झाल्यावर ते दोन्ही द्यावेच लागतात. तिच्या काउंटीत तशी शिफारस सध्या लागू आहे का, हे बालरोगतज्ज्ञाला उद्याच विचारायला सांगा. आकडा किती झाला याची वाट बघू नका.

बघायचंच असेल तर देशाचा एकूण आकडा सोडून द्या. आपल्या काउंटीत उगम न कळलेला रुग्ण आहे का, आणि संपर्काच्या जागा व वेळा जाहीर झाल्यात का, हे बघा. अमक्या दवाखान्यात अमक्या वेळी, असं खातं जाहीर करतं. तिच्या रोजच्या जाण्यायेण्यातली जागा त्यात असेल तर त्याच दिवशी फोन करायचा. भरतीओहोटींनी सांगितलेले ७२ तास आणि सहा दिवस तिथूनच मोजायचे.

परीक्षानळी

माझी एक भर. किती संशयितांची तपासणी झाली आणि किती वगळले, हे पानावर कुठे सापडतं का बघा. मोजणी व्यवस्थित चालू असेल तर दर लाख लोकवस्तीमागे वर्षाला किमान दोन ताप-पुरळवाले तपासून वगळलेले असायला हवेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. शून्य निश्चित आणि भरपूर वगळलेले असतील तर त्या शून्यावर मी विश्वास ठेवेन. शून्य निश्चित आणि वगळलेलेही शून्य, तर तिथे कुणी शोधतच नाहीये.

कोराकागद

परीक्षानळीताई, हा निकष मला माहीत नव्हता. खात्यांना जाब विचारायचा तर हाच आकडा मागायला हवा.

सांजवारा

बहिणीशी बोलणं झालं. बाळाच्या डॉक्टरांची उद्या दुपारची वेळ मिळाली आहे. तिच्या काउंटीच्या पानावर निश्चित रुग्ण आहेत, संपर्काच्या जागा आहेत, पुरळाच्या तारखेचा आलेखही आहे. वगळलेल्यांचा आकडा मात्र कुठेच नाही. तिने खात्याला ईमेल करून तो मागितलाय. उत्तर आलं की इथे टाकते.

परीक्षानळी

जरूर टाका. तपासणी झालेल्यांची संख्या दिली तर पुरळानंतर किती दिवसांनी नमुने घेतले, हेही विचारायला सांगा.